आईचं मनगट, माझा डेक्सा आणि उणे २.७

अबोली_न | मंगळवार, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. मी ५४ वर्षांची, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन करून घेतला. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोर उणे २.७ आलाय आणि खुब्याचा उणे १.९. खाली 'ऑस्टिओपोरोसिस', म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, असं छापलंय. मला कुठे दुखत नाही, रोज चार किलोमीटर चालते, घरचं सगळं मीच करते. रिपोर्ट घेऊन बाहेरच्या बाकावर बसले आणि डोळ्यांसमोर आलं ते आईचं मनगट.

आई ६१ वर्षांची असताना न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळली. पडताना हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग कोमट पाण्यात बोटं हलवायचा व्यायाम, आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागली. आम्ही म्हणालो, हातावर निभावलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलंच कसं, हे तेव्हा कोणीच विचारलं नाही. आम्ही नाही, प्लास्टर घालणाऱ्यांनीही नाही.

पुढच्या दहा वर्षांत आईच्या साड्या खाली लोळायला लागल्या. निऱ्या जास्त वर खोचून घ्यायची. परकर शिंप्याकडून दोन-दोन बोटं आखूड करून आणायची. वयानं माणूस आक्रसतंच, असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं. ७१व्या वर्षी पहाटे पलंगावरून उठताना पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती आधाराशिवाय चालली नाही. सात महिन्यांत गेली.

म्हणून विचारतेय. नुसत्या कॅल्शियमनं भागेल की औषध घ्यायलाच हवं? रिपोर्टमध्ये 'बीएमसी ३९.२ ग्रॅम' असाही एक रकाना आहे, म्हणजे माझ्या हाडांत एवढंच कॅल्शियम उरलंय का? आणि एक मैत्रीण सांगते की या औषधांनी जबड्याचं हाड सडतं. खरं आहे का?

भाकरतुकडा | मंगळवार, सकाळी ११.४२

अबोलीताई, आईंबद्दल वाचून गलबललं. पण गोळ्यांच्या नादी लागू नका. नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला सुरू करा. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. जन्मभर नाचणीची भाकरी खाल्ली, एक हाड मोडलेलं नाही. आपल्या आज्यांना कुठे होता डेक्सा?

घाटमाथा | मंगळवार, दुपारी २.२५

मी तालुक्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुमचा पेपर मी तपासलेला नाही, त्यामुळे औषध तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. बाकीचं जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो.

आधी तो रकाना. बीएमसी म्हणजे मशिनला दिसलेल्या भागातली एकूण खनिजं, ग्रॅममध्ये. तुमच्या बाबतीत कंबरेच्या चार मणक्यांतली. त्यात नुसतं कॅल्शियम नसतं, कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळून झालेला क्षार असतो. ३९.२ ला त्या भागाच्या क्षेत्रफळानं भागलं की बीएमडी येते, म्हणजे घनता. क्षेत्रफळ ५२.३ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असेल तर उत्तर ०.७५ येईल. पडताळून बघा. टी-स्कोर म्हणजे ही घनता निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे ते. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली आखली.

आता हे होतं कसं? हाड दगडासारखं दिसलं तरी त्याची डागडुजी जन्मभर चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड कोरतात, दुसऱ्या ते खड्डे भरतात. कोरायला तीनेक आठवडे लागतात, भरायला तीन-चार महिने. इस्ट्रोजेन आहे तोवर कोरणाऱ्या पेशींवर वचक असतो. पाळी गेली की तो जातो. एकाच वेळी खूप जास्त ठिकाणी कोरकाम निघतं आणि प्रत्येक खड्डा थोडा अपुरा भरला जातो. पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींचं २० टक्क्यांपर्यंत हाड असं जातं. हाडाच्या आत जाळीसारखा भाग असतो, तिथे हे सगळ्यात आधी होतं. जाळीची काडी बारीक झाली तर पुन्हा जाड करता येते. ती तुटलीच तर नवं हाड धरायला तिथे आधारच उरत नाही. मणका, मनगट आणि खुबा या तिन्ही ठिकाणी जाळी भरपूर असते, म्हणून मोडतात तीही हीच.

आणि आता तुमच्या आईबद्दल. साडी लोळायला लागणं हे मी स्वतः पेशंटना विचारतो. उंची कमी झाली का म्हटलं की 'माहीत नाही' असं उत्तर येतं. साडी लोळते का म्हटलं की लगेच 'हो' म्हणतात. मणका मोडतो तेव्हा तो काडीसारखा मोडत नाही, पुढच्या बाजूनं दबतो. दबणाऱ्या दर तीन मणक्यांतले साधारण दोन असे दबतात की बाईला कळतही नाही, कंबर धरली एवढंच वाटतं. तुमच्या आईचं मनगट मोडलं तो पहिला इशारा होता, परकर आखूड झाले तो दुसरा. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही मनगटाला चांगलं प्लास्टर घालून बायकांना घरी पाठवलं आहे. त्यातल्या काही जणी पुढे खुबा मोडून माझ्याकडेच परत आल्या, तेव्हा मी शिकलो. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं की तपासणी ही हाडाची नव्हे, त्या बाईची व्हायला हवी.

म्हणून माझा सल्ला एवढाच. औषधाचा निर्णय घेण्याआधी पाठीच्या कण्याचा बाजूनं एक्सरे काढून घ्या. तरुणपणीपेक्षा उंची चार सेंटिमीटर कमी झाली असेल तर हवाच, पण आईचा खुबा मोडलेला असल्यामुळे तुमचा मी तसाही काढला असता. रक्तात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड, पॅराथायरॉइड बघतात. हाड झिजायला दुसरं एखादं कारण असेल तर ते त्यात सापडतं.

जबड्याबद्दल: तसं होऊ शकतं, मैत्रीण खोटं सांगत नाहीय. पण ते बहुतेक कॅन्सरच्या पेशंटमध्ये, खूप मोठ्या डोसला दिसतं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. दात काढायचा वगैरे असेल तर ते औषध सुरू करण्याआधी उरकून घ्या.

ठाणेकर_वैशाली | मंगळवार, दुपारी ३.०५

डॉक्टर, साडीचं वाचलं आणि हात थांबला. माझी आई गेली दोन वर्षं 'साड्या हल्ली लांब येतात' म्हणते आहे.

जोगळेकरीण | मंगळवार, दुपारी ४.५०

भाकरतुकडा, नाचणीला नाव ठेवत नाही, मीही खाते. पण हिशेब करून बघूया. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तर दोन भाकऱ्यांत ३६०. पेलाभर दूध, २०० मिली, म्हणजे २४०. वाटीभर दही शंभर-दीडशे. चमचाभर तीळ चटणीत गेले तर आणखी शंभर-सव्वाशे, पण टरफलासकट तीळ असतील तर त्यातलं सगळं अंगी लागत नाही. पालकात कॅल्शियम भरपूर असलं तरी ऑक्झलेटमुळे जेमतेम पाच टक्के शोषलं जातं, म्हणून माझ्या हिशेबात मी पालक धरतच नाही. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. नीट जेवणाऱ्या बाईचं आठशे-नऊशेपर्यंत पोचतं. राहिलेल्या तीन-चारशेपुरतीच गोळी घ्यावी, उगाच दोन-दोन नाही. अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची मोठी चाचणी झाली होती, २००६ साली निकाल आला. खुब्याची घनता जराशी सुधारली, पण गोळ्या घेणाऱ्यांत मुतखडे १७ टक्क्यांनी जास्त झाले.

मी थायरॉइडची गोळी घेते म्हणून एक अनुभवाचं सांगते. सकाळी थायरॉइड आणि नाश्त्याला कॅल्शियम असं वर्षभर चालू होतं आणि टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) काही केल्या खाली येईना. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, हे मला फार उशिरा कळलं. आता कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर घेते. साधी कार्बोनेटची गोळी जेवणासोबतच घ्यायची, ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सायट्रेटबद्दल विचारावं.

भाकरतुकडा | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

हिशेब पटला. पण सासूबाईंचं काय मग? त्यांनी तर गोळी पाहिलेली नाही.

जोगळेकरीण | मंगळवार, संध्याकाळी ६.३२

सासूबाईंनी विशी-तिशीपर्यंत डोक्यावरून पाणी आणलं असेल, जात्यावर दळलं असेल, उन्हात शेत केलं असेल. तिशीपर्यंत हाडांची जी पुंजी साठते ती त्यांची मोठी. झीज त्यांचीही झाली असणार, पण मोठ्या पुंजीतून. आपण बँकेत, शाळेत, स्वयंपाकघरात बसून तेवढी साठवलीच नाही. त्यांच्या बरोबरीच्या ज्या खुबा मोडून गेल्या, त्यांची नावंही त्यांना विचारून बघा. माझ्या आजोळी अशा तिघी निघाल्या. त्या काळी सगळे म्हणायचे, 'पडायचं निमित्त झालं आणि गेली.'

पांढरकवडा_मास्तर | मंगळवार, रात्री ९.२०

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पोरांचे दात पिवळे-तपकिरी, म्हाताऱ्यांची कंबर ताठ झालेली, मान वळत नाही. अशा माणसाच्या हाडाची घनता मोजली तर उलट जास्त भरते. खनिज भरपूर, पण हाड ठिसूळ.

हे मुद्दाम लिहितो, कारण घनता म्हणजेच मजबुती असं धरून चालू नये. एके काळी फ्लोराइड हेच औषध म्हणून देऊन पाहिलं होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं पाळी गेलेल्या २०२ बायकांवर चार वर्षं प्रयोग केला, तो १९९० ला छापून आला. मणक्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मणके मोडायचं मात्र कमी झालं नाही, आणि हातापायाची हाडं जास्त मोडली. हाडात क्षारासोबत कोलॅजन असतं, विणकाम असतं. भिंतीत नुसतं सिमेंट ओतून भागत नाही, सळी लागते.

घाटमाथा | मंगळवार, रात्री १०.०५

मास्तर, फार महत्त्वाचं लिहिलंत. एक पुस्ती जोडतो. वयस्कर बाईच्या कंबरेत संधिवाताची हाडं वाढलेली असली तरी डेक्सात मणक्याचा आकडा खोटा चांगला दिसतो. तेव्हा खुब्याचा आकडा धरायचा. आणि पुढचा स्कॅन त्याच मशिनवर करायचा. दोन वेगळ्या मशिनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

सुलभा_फिजिओ | बुधवार, सकाळी ७.४०

अबोलीताई, चार किलोमीटर चालता ते हृदयाला, मनाला उत्तम. पण चालण्यानं मणक्याचं हाड फारसं वाढत नाही. हाडाला नेहमीपेक्षा जास्त ताण लागतो. ऑस्ट्रेलियात २०१८ साली छापलेल्या एका चाचणीत हाडं विरळ झालेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली खरोखरीची वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांत मणक्याची घनता जवळजवळ ३ टक्के वाढली. घरच्या घरी व्यायाम करणाऱ्यांची कमी झाली. तुम्ही मात्र एक्सरे बघितल्याशिवाय वजनाला हात लावू नका.

आणि एक विनंती, हात जोडून. तुम्ही योगवर्गाला जात असाल तर पुढे वाकायची आसनं तूर्त बंद करा. पायाचे अंगठे धरणं, पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन, सगळंच. १९८४ च्या एका अभ्यासात ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांपैकी पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के जणींचे मणके नव्यानं दबलेले दिसले, पाठ मागे नेणारे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के. गट लहान होता, तरी तेव्हापासून आम्ही वाकायला लावत नाही. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, पंधरा वर्षं नेमानं योग केलेल्या. जमिनीवर हात टेकवताना पाठीत कट्कन वाजलं. त्या रडत होत्या त्या दुखण्यानं नव्हे, 'मी तर सगळं चांगलंच करत होते' म्हणून.

खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, ओट्याला धरून टाचा उचला, दात घासताना एका पायावर उभ्या राहा (शेजारी भिंत असू द्या). न्हाणीघरातलं सुटं पायपुसणं आजच्या आज काढून टाका.

ठाणेकर_वैशाली | बुधवार, सकाळी ९.१५

ड जीवनसत्त्वाच्या पुडीबद्दल सावध करते. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आठ आठवडे. माझ्या मावससासूला कागदावर लिहिलेलं कळलं नाही आणि दुकानातही कोणी सांगितलं नाही. त्या रोज एक घेत होत्या, दुधातून, तीन महिने. उलट्या, बद्धकोष्ठ, मग माणसं ओळखेनात. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर गेलं होतं. नऊ दिवस ॲडमिट होत्या. आता आमच्या घरी पुडी घ्यायचा वार कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलेला असतो.

माजलगाव_आशाताई | बुधवार, दुपारी १.३०

मी आशा म्हणून काम करते. तुम्ही सगळ्या पन्नाशीचं बोलता. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या पस्तिशीच्या आतच काढलेल्या आहेत. बीडचं हे प्रकरण २०१९ ला सगळीकडे गाजलं, सरकारनं नीलमताई गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समितीपण नेमली होती. ज्यांची अंडाशयंही काढली, त्यांची पाळी त्याच दिवशी गेली म्हणायची. पंधरा-वीस वर्षं आधी. त्यानंतरही त्या डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात. कंबर दुखते म्हणाल्या की दुखायची गोळी मिळते. बऱ्याच जणी मिश्री लावतात, तंबाखूनं हाड आणखी झिजतं. इथे डॉक्टर आहेत म्हणून विचारते, यांची तपासणी कोणत्या वयाला करायची?

घाटमाथा | बुधवार, दुपारी ३.४५

ताई, यांच्यासाठी वय धरायचंच नाही. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं काढली असतील किंवा पाळी गेली असेल तर तेच तपासणीचं कारण. अशा बाईला दुसरी अडचण नसेल तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञानं करायलाच हवा. २००२ साली अमेरिकेतली मोठी हार्मोन चाचणी स्तनाचा कॅन्सर वाढतो म्हणून मध्येच थांबवली आणि सगळे घाबरले. पण त्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या. पस्तिशीत अंडाशयं गेलेल्या बाईला तो हिशेब लावणं चूक आहे. आणि त्याच चाचणीत खुबा मोडायचं प्रमाण एक तृतीयांशानं कमी झालं होतं, हे मागेच पडलं. ऑपरेशनच्या कागदावर अंडाशयं काढली की ठेवली हे लिहिलेलं असतं. शक्य असेल तर तुमच्या गावातल्या प्रत्येकीचा तो कागद बघून ठेवा.

माजलगाव_आशाताई | बुधवार, दुपारी ४.१०

पुष्कळ जणींकडे कागदच नाही. तरी विचारते एकेकीला.

रेवती_कोथरूड | बुधवार, रात्री ८.३०

हाडांसाठीचं सहामाही इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी: डेनोसुमॅबची तारीख चुकवू नका आणि मनानं बंद करू नका. माझ्या आत्याचं २०२० च्या लॉकडाउनमध्ये राहून गेलं. बरं वाटत होतं म्हणून नंतरही घेतलं नाही. वर्षाच्या आत तीन मणके लागोपाठ दबले. थांबवायचं असेल तर त्याजागी दुसरं औषध देऊन थांबवतात, हे आम्हाला नंतर कळलं.

अबोली_न | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला, दोन तर छापून डॉक्टरांकडे नेले.

एक्सरे काढला. छातीच्या खालच्या टोकाचा, बारावा मणका पुढून दबलेला आहे. जुना आहे म्हणाले. मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत कापसाची गादी एकटीनं उलटवली होती, तेव्हा पाठीत चमक भरली होती. आठ दिवस शेकून काढलं, विसरूनही गेले. म्हणजे इथे 'मला कुठे दुखत नाही' असं लिहिलं तेव्हा माझा मणका मोडलेलाच होता.

त्यामुळे औषधाचा प्रश्न उरला नाही. ड जीवनसत्त्व १४ निघालं, ते आधी भरून घेतेय. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन एक दाढ काढली, जखम भरली. आजपासून हाडांची झीज रोखणारी अलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी, दर रविवारी. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहासुद्धा नाही, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे लिहितेय ते त्याच अर्ध्या तासात सुरू केलं, म्हणून ताठ बसून. योगवर्गाच्या बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्यासह चौघींची पुढे वाकायची आसनं बंद केली.

बहीण ४८ वर्षांची आहे, नाशिकला असते. पाळी अनियमित झालीय. तिला हा धागा पाठवला. पुढच्या शनिवारी तिची डेक्साची वेळ घेतली आहे.

आणखी एक. आईचं कपाट मी अजून पूर्ण आवरलेलं नव्हतं. काल तिचा बदामी परकर काढला. मला वाटायचं तो एकदाच आखूड केला होता. उलटा करून बघितला तर टिपा दोन आहेत. खालची जुनी, दोरा विटलेला. त्याच्यावर थोड्या अंतरानं दुसरी, वेगळ्या दोऱ्याची. दोन्ही उसवल्या आणि पट्टी लावली. साडेपाच सेंटिमीटर भरलं.